बटणाच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह

“मागावरील एका कामगाराच्या हातून यंत्राचे लाल बटण वारंवार दाबले जात होते. सरांचे सॉफ्टवेअर पूर्णतः निर्दोष होते. तरीही त्या कामगाराची नोकरी वाचावी म्हणून सरांनी मोठ्या मनाने सारा दोष स्वतःकडे घेतला.”

ज्या कारखान्यात मी आयुष्यातली शेवटची नोकरी केली, त्याच्या स्मरणिकेत यंदा ही तीन वाक्ये छापून आली. त्यांतले ‘सर’ म्हणजे मी. लिहिणारे गृहस्थ मालकांचे भाचे. पुण्याला शिकलेले, मराठी-इंग्रजी दोन्ही उत्तम, आणि घटना घडली तेव्हा समोर हजर. तेव्हा माहिती नव्हती ही सबब त्यांना उरत नाही. पहिले वाक्य एका माणसावर आळ घेते. दुसरे माझ्या कामाला असे प्रमाणपत्र देते, जे त्या कामाने कमावलेले नव्हते. तिसरे सर्वांत वाईट, कारण ते ऐकायला गोड आहे, आणि त्याच्या गोडीमुळे पहिली दोन पचून जातात.

माझ्या पत्नीला हा मजकूर आवडला होता. तिने तो दोनदा मोठ्याने वाचला.

“एवढं चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल, आणि तुम्ही ताट बाजूला सारताय?”

“चांगलं? मला संत केलंय आणि त्याला गुन्हेगार.”

“तुम्ही संत नाही हे मी लेखी देते त्यांना. जेवा आधी.”

मी जेवलो नाही. त्याच दुपारी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या पायरीवर, ज्याच्यावर हा आळ आला तो विणकर येऊन बसला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली तीच स्मरणिका होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल. घरी तेलुगू बोलणारा, कामावर मराठी. त्याला सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणतो. आत ये म्हटले तर आला नाही.

“सर, लेकीनं वाचून दाखवलं. जावई बसला होता म्होरं. लेक वाचता वाचता मधीच थांबली.” मग पिशवी मांडीवर ठेवून म्हणाला, “एकच सांगा. तुमी मला माफ केलं होतं का?”

“माफ कशाबद्दल?”

“त्येच तर मी इचारतोय की. मी काय केलं होतं?”

या प्रश्नाचे उत्तर मी त्याला त्या दिवशी कारखान्यातच द्यायला हवे होते. दिले नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. वाचकाला संगणकाच्या पोटातले काही ठाऊक नाही असेच मी धरून चालतो, कारण ज्यांना ठाऊक होते त्यांनीच या प्रकरणात सर्वांत जास्त गोंधळ घातला.

आमचा कारखाना वॉल हँगिंग आणि टॉवेल विणत असे. पूर्वी नक्षीसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ जकार्डवर, म्हणजे मागाच्या माथ्यावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढवायचे. ज्या जागी छिद्र, तिथला हुक वर जाणार, त्याला बांधलेले धागे उचलले जाणार. अण्णा त्या पुठ्ठ्यांचा जाणकार होता. माळेतला एखादा पुठ्ठा उलटा ओवला गेला असेल तर त्याला कापडाकडे न बघता नुसत्या आवाजावरून कळे. पुढे मालकांनी पुठ्ठे काढून त्याजागी संगणक आणि त्याच्या सांगण्यावरून हुक हलवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवायचे ठरवले. हुकांना कोणी केव्हा वर जायचे ते सांगणारे सॉफ्टवेअर मी लिहिले.

ते साधे सॉफ्टवेअर नव्हते. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्या गाभ्यात बाहेरून बसवलेला तुकडा म्हणजे मॉड्यूल. मी लिहिले ते मॉड्यूल होते. नेहमीचा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलच्या मॉड्यूलमध्ये चूक झाली तर सबंध यंत्र तोंडावर पडते, आणि का पडले हे सांगायला कोणी शिल्लक राहीलच असे नाही. सोलापुरात त्या वेळी हे काम करणारे आणखी कोण होते ते त्यांनी पुढे येऊन सांगावे. मला तरी कोणी भेटले नाही.

मॉड्यूलमधल्या कामांना मी रोमन लिपीत, पण मराठी नावे दिली होती. माग बंद करणाऱ्या कामाचे नाव ‘माग_थांब’. लाल बटण दाबले की जे जागे होते ते ‘बटण’. आणि प्रत्येक ओळ विणताना कार्ड ‘झाले’ असे उत्तर वेळेत देते की नाही हे टायमरच्या जोरावर सतत तपासत राहणारे, त्याचे नाव ‘पहारा’. भाचे हसले होते.

“सर, हे उद्या एखाद्या परदेशी इंजिनिअरनं वाचलं तर त्याला काय कळणार?”

“परदेशी इंजिनिअर अक्कलकोट रोडला माग दुरुस्त करायला येणार असेल, तर तेवढं मराठी त्यानं शिकून यावं,” मी म्हणालो.

मागाचा मूळ हातदांडा सोडला, ज्याची नोंद संगणकात होत नसे, तर माग दोन वाटांनी थांबू शकत होता, हे वाचकाने लक्षात ठेवावे. धागा तुटला की विणकर लाल बटण दाबतो; दाबताच त्याच्या दोन वायरींची जोड सुटते. मग ‘बटण’ हे ‘माग_थांब’ला बोलावते. किंवा कार्ड ठरलेल्या वेळेत उत्तर देत नाही. मग ‘पहारा’ हा ‘माग_थांब’ला बोलावतो. दोन्ही वाटांनी शेवटी संगणकाच्या नोंदीत एकच वाक्य उमटे: माग थांबवला. कोणी थांबवला, ते नाही. मला तेव्हा त्याची गरज वाटली नव्हती. लाल बटणाबाबत मात्र मी काटेकोर होतो. मागाशेजारच्या भिंतीवर माझ्या सहीनिशी सूचना लावलेली होती: लाल बटण जोडलेले असल्याशिवाय कोणीही, कोणत्याही कारणासाठी, माग चालवू नये.

नव्या यंत्रावर पहिले मोठे काम आले ते मोराचे. भिंतभर रुंदीचा पिसारा, दाट रंग. मालकांनी ते अण्णाला दिले, कारण तसले काम दुसऱ्या कोणाला देण्यात अर्थ नव्हता. आणि एका आठवड्यात तो माग तीन वेळा, धागा न तुटता, आपोआप थांबला. तिन्ही वेळा दुपारच्या पाळीत, म्हणजे अण्णाच्या हाताखाली. सकाळच्या पाळीत त्याच मागावर टॉवेल विणले जात, तेव्हा कधीही नाही.

माग मधेच थांबला की कापडावर आडवी रेघ उमटते. ती जात नाही. तीन मोर वाया गेले आणि ज्याने मागणी दिली होती तो बडबडू लागला.

भाच्यांनी नोंद वाचली: माग थांबवला, माग थांबवला, माग थांबवला. त्यांनी निष्कर्ष काढला की कोणीतरी बटण दाबते. कोणीतरी म्हणजे अण्णा, कारण पुठ्ठे गेले याचा सल त्याला होता हे सगळ्यांना माहीत होते. नवे यंत्र बसले त्या दिवशी तो सर्वांदेखत म्हणाला होता, “ह्या डब्याला हात न्हाईत, डोळं न्हाईत, आनि मोर काढणार म्हणं.” आता ते वाक्य त्याच्या अंगलट आले.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले, “सर, तुमच्या सॉफ्टवेअरनं माग आपणहून थांबू शकतो का?”

मी म्हणालो, “माझं सॉफ्टवेअर विनाकारण थांबत नाही.”

हे मी बोललो. हे माझे शब्द. भाच्यांच्या दुसऱ्या वाक्याचा उगम इथे आहे आणि तो मी नाकारत नाही. त्या दिवशी मीही मनातून अण्णालाच दोषी धरले होते. मालक म्हणाले, “मग उद्या दुपारी त्याला पत्र देऊ.” कामावरून काढल्याचे पत्र. कारण म्हणून लिहायचे होते की त्याने जाणूनबुजून यंत्र बंद पाडले. तसले पत्र घेऊन गेलेल्या विणकराला सोलापुरातल्या दुसऱ्या कोणत्याही कारखान्याने दारात उभे केले नसते.

केबिनमधून मी खाली मागाकडे गेलो, ते खरे तर त्याला झापायला. अण्णाने ते तिन्ही वाया गेलेले मोर जमिनीवर एकाखाली एक अंथरले होते.

“सर, हितं बघा. ही रेघ, ही रेघ, आनि ही. तीनीबी पिसाऱ्यातच हायत. एकबी पायात न्हाय, चोचीत न्हाय.”

“म्हणजे तू पिसाऱ्यात आलास की बटण दाबतोस?”

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखाद्या शिकाऊ माणसाला बघावे तसे. “सर, मला मोडायचंच असतं तर मी डोळा मोडला असता. पिसाऱ्यात रेघ लपती बी थोडी. डोळ्यात लपत न्हाय.”

या उत्तरावर मी आजवर कोणाकडून प्रतिवाद ऐकलेला नाही. मी परत जागेवर आलो, मॉड्यूल उघडले आणि ‘माग_थांब’मध्ये एक ओळ वाढवली.

ती ओळ कर्नलला सांगते: या ठिकाणी पोहोचलास की इथवर कसा आलास ते लिहून ठेव. म्हणजे मला कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले, त्याच्याही आधी कोणी, अशी यादी. धंद्यात तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. यादी उलटी असते: सर्वांत वरच्या ओळीत सगळ्यांत शेवटी घडलेले, आणि प्रत्येक ओळीखाली तिला बोलावणारा. ती खालून वर वाचली तर घडले त्या क्रमाने वाचली. मी ही ओळ मोटर बंद करण्याच्या आज्ञेनंतर घातली, आधी नाही; कारण यादी लिहायलाही वेळ लागतो, आणि लिहिण्याच्या नादात थांबायला उशीर झाला तर विणकराचा हात यंत्रात सापडायचा. आधी थांब, मग बोल. भाचे नंतर असेही सुचवून पाहणार होते की यादी छापण्यामुळेच माग थांबतो. त्याचे उत्तर त्या क्रमातच आहे.

अण्णाला मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्याला आश्चर्य वाटले नाही. “धाग्यावानीच की,” तो म्हणाला. “तुटलेलं टोक कापडाजवळ दिसतंय. पर कुटनं बिघडलं ते बघायला फणीतनं मागं मागं, ताणा गुंडाळलेल्या बीमापर्यंत जायाचं. म्होरनं बघणाऱ्याला नुसतं टोक दिसतंय.”

त्याच दुपारी माग चौथ्यांदा थांबला. मी तेव्हा केबिनमध्ये मालकांसमोर होतो. माझ्याआधी भाचे खाली पोहोचले, त्यांनी नोंद छापून घेतली आणि कागद फडकावत वर आले. सर्वांत वरची ओळ: माग_थांब. तिच्या लगेच खाली: बटण. त्याखाली: पहारा. त्याखाली टायमर, आणि त्याखाली कर्नलची नेहमीची मंडळी.

“घ्या सर,” भाचे म्हणाले. “तुमचीच ओळ, तुमचीच यादी, तुमचंच मराठी. माग_थांबच्या खाली कोण? बटण.”

मालकांनी चष्मा लावून वाचले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मग मला त्या ओळीच्या सुरुवातीचे चिन्ह दिसले.

“या नावाआधी काय आहे ते वाचा.”

“प्रश्नचिन्ह,” भाचे म्हणाले. “छपाईतलं काहीतरी असेल.”

“छपाईतलं नाही. कर्नल ही यादी करताना बोलावण्यांच्या स्मृतीचा गठ्ठा उपसतो. ती स्मृती कोणी पुसून लिहीत नाही. जुन्यावरच नवं लिहिलं जातं, आणि मधे एखादी जागा कोरी सुटली तर तिथलं जुनं नाव तसंच दिसत राहतं. अशा नावापुढे कर्नल प्रश्नचिन्ह घालतो. म्हणजे हे नाव मला इथे सापडलं, पण या वेळच्या बोलावण्यात ते होतं अशी हमी मी देत नाही. ती ओळ सोडून वाचा. माग_थांबला पहाऱ्यानं बोलावलंय.”

“पण सर,” मालक म्हणाले, “ते जुनं नाव तरी तिथे आलं कुठून?”

“थोड्या वेळापूर्वी धागा तुटला होता. तेव्हा अण्णानं बटण दाबलं होतं. रीतसर.”

“म्हणजे दाबलं होतं,” भाचे म्हणाले.

आयुष्यात अनेकदा माझ्या बाजूला सत्य होते आणि तरी खोली माझ्या विरुद्ध होती. पण त्या दुपारइतकी कधी नाही. ते प्रश्नचिन्ह तेवढे मी एकटाच वाचू शकत होतो, आणि एकट्याने वाचलेल्या चिन्हावर मालक एका माणसाची बाजू घ्यायला तयार नव्हते. “उद्या बारा वाजेपर्यंत काय ते बघा,” ते म्हणाले. “बारा वाजता पत्र.”

संध्याकाळी घरी मी स्वतःचे मॉड्यूल परक्याचे असल्यासारखे वाचले. पहारा कार्डाला उत्तरासाठी किती वेळ देतो? तो आकडा मी कुठून आणला होता? आठवले. घरातल्या टेबलावर, एक छोटा नमुना लावून. तो नमुना टॉवेलच्या काठाचा होता, बोटभर रुंद, मोजक्या हुकांचा. कार्डाला जितके हुक बदलायचे असतात तितका वेळ जास्त लागतो. पिसाऱ्यात जवळजवळ सगळेच हुक एका ओळीत बदलत. कार्ड काम करतच होते; फक्त माझ्या आकड्याच्या मानाने त्याचे उत्तर उशिरा येत होते. आणि माझा पहारा, ज्याचा मला अभिमान होता, प्रामाणिक कामगाराला झोपलेला समजून माग बंद करत होता.

सर्वांत कठीण नक्षी सर्वांत चांगल्या विणकराला दिली, म्हणून माझी चूक फक्त त्याच्याच हाताखाली उघडी पडत होती. हे लक्षात आल्यावर मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात सर्वांच्या आधी पोहोचलो. संगणक बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे जुने काही स्मृतीत उरायला नको. आकडा मुद्दाम तोच ठेवला. अण्णा आला. तो पत्राच्याच तयारीने आला होता. धुवून इस्त्री केलेला शर्ट घातला होता. त्याला मी केबिनबाहेरच्या बाकावर बसवले.

“मी चालवू की माग?” तो म्हणाला.

“तू इथून उठायचं नाही. सगळ्यांना दिसेल असा बस. पाणी प्यायलासुद्धा जायचं नाही.”

“सर, तुमी मागावर उभं राहणार? धागा तुटला म्हंजे?”

“तुटला तर मला हाक मारायला येऊ नको.”

“मी कशाला येऊ. धागा बोंबलंल की तुमच्यावर.” त्याही अवस्थेत तो हसला.

सकाळचे टॉवेल बाजूला ठेवून मोर सुरू केला. पाय झाले, पोट झाले. मी विणकर नाही. मागाशेजारी एकटा उभा राहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती, आणि तो आवाज कानाने नव्हे, दातांनी ऐकू येतो हे मला तेव्हा कळले. मान झाली. डोळा झाला. पिसाऱ्याची पहिली ओळ आली तेव्हा मला एकाच गोष्टीची भीती होती: माग थांबणार नाही. माझी चूक त्याच दिवशी गप्प बसली तर बारा वाजता पत्र जाणार होते. आपण लिहिलेले बिघडावे म्हणून कोणी इतक्या तळमळीने वाट पाहिली असेल असे मला वाटत नाही.

पिसाऱ्याच्या मध्यावर माग थांबला.

कागद छापला. माग_थांब. त्याखाली पहारा. त्याखाली टायमर. बटण कुठेच नाही, प्रश्नचिन्हासकटही नाही. तो कागद घेऊन मी केबिनमध्ये गेलो तेव्हा बाराला अवकाश होता आणि पत्र टेबलावर तयार होते.

भाच्यांनी कागद वाचला. त्यांची हुशारी मी नाकारत नाही. ते म्हणाले, “आज कोणी दाबलं नाही, एवढंच यातून ठरतं. मागच्या वेळचं नाही ठरत. आणि खरं सांगायचं तर आजचंही नाही. बटणापाशी तुम्हीच होता, सर. यादी छापणारं मॉड्यूलही तुमचंच. त्यात काय छापायचं ते तुम्हीच लिहिलंत.”

म्हणजे मी कागद बनवला, असे त्यांना म्हणायचे होते. स्पष्ट म्हणाले नाहीत, एवढाच त्यांचा संस्कार. माझ्या ओठांवर एक वाक्य आले. ते बोललो असतो तर वाद तिथेच संपला असता. पण त्याआधी मालकांनी विचारले, “सर, तुमचं शेवटचं म्हणणं काय?”

मी म्हणालो, “चूक माझी. पहाऱ्याचा आकडा मी टॉवेलच्या काठावर ठरवला आणि मोरावर लावला. अण्णाचा संबंध नाही. लिहून घ्या.”

मालकांनी पत्र फाडले. “राहू दे त्याला कामावर.”

आणि मी ते दुसरे वाक्य गिळले. अण्णाची नोकरी वाचली होती. आता ते बोलण्याची गरज काय, असे मी स्वतःला समजावले. बाहेर पडताना मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “मोठं मन आहे तुमचं.” तेव्हा मला कळायला हवे होते की त्यांनी माझा कबुलीजबाब दान समजून घेतला आहे. कळलेही होते. मी मान डोलावली नाही. पण हललीच नाही असेही शपथेवर सांगणार नाही.

त्या दुपारी मी आकडा बदलला. माग पुन्हा कधी पिसाऱ्यात थांबला नाही. त्यावर भाच्यांचे म्हणणे असे की दम भरला गेल्यावर अण्णाने बटणाला हात लावणे सोडले. आकडा बदलला त्याच दिवशी अण्णाही घाबरला. आता दोहोंपैकी कशाने माग सुधारला हे कसे ठरवणार? हा युक्तिवाद मी गेल्या आठवड्यात त्यांच्याच तोंडून फोनवर ऐकला.

“सर, मी तर तुमचा गौरवच केलाय,” ते म्हणाले. “सॉफ्टवेअर निर्दोष म्हटलं, मन मोठं म्हटलं. तक्रार कशाची?”

“माझं सॉफ्टवेअर सदोष होतं. तो माझा दोष आहे, तुम्ही दुसऱ्याला देऊ नका.”

“बरं. पुरावा?”

“दोन कागद आहेत माझ्याकडे.”

“पहिल्यावर बटण आहे. दुसऱ्या वेळी बटणापाशी तुम्ही होता. हे आपलं बोलणं तेव्हाच झालंय, सर.”

झाले होते. म्हणून तेव्हा गिळलेले ते वाक्य आता लिहितो. अण्णा पायरीवर बसला होता तेव्हा ते मी प्रथम त्याला सांगितले. तो म्हणाला, “सर, ह्ये तवाच बोलला असता तर.” आणि थोड्या वेळाने, “लिवा. लेकीला वाचून दाखवायला लागंल.” पिशवी तिथेच ठेवून तो गेला.

मी ते लपवले, कारण ते सांगणे म्हणजे भिंतीवरच्या माझ्याच सहीची सूचना मी मोडली हे सांगणे होते. आणि आकडा चुकल्याची कबुली देताना मला जेवढी लाज वाटली, त्याहून नियम मोडल्याची लाज जास्त वाटत होती. चूक माझ्या हातून झाली होती. नियम मी समजून उमजून मोडला होता, आणि एका माणसाच्या नावाहून तो नियम मला काही वर्षे मोठा वाटला. भाच्यांनी, मालकांनी आणि स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येकाने आता ते ऐकावे.

त्या सकाळी पिसाऱ्याच्या मध्यावर माग थांबला तेव्हा मी मागाच्या मूळ दांड्यावर हात ठेवून उभा होतो, बटणाच्या वायरीची दोन टोके मी एकमेकांना पिळून बांधलेली होती, आणि ते लाल बटण माझ्या सदऱ्याच्या खिशात होते.